दाराखालची फट

६ ऑक्टोबर

सूनबाई,

पत्राच्या डोक्यावर आशीर्वाद लिहितात. मी लिहिलेला नाही. तुझ्या ते लक्षात येईलच, म्हणून आधीच सांगून टाकते. आशीर्वाद मनातून यावा लागतो आणि माझं मन अजून तुझ्यावर चिडलेलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही, काम आहे म्हणून लिहिते आहे. अडला हरी, असं म्हण हवं तर. पुढचे शब्द मी लिहीत नाही, म्हण तुला पाठ आहे.

बाहेरच्या खोलीतली लाकडं जाळायची शेगडी धूर टाकते आहे. कागद जळतो, ढलप्या पेटतात, पण मोठं लाकूड ठेवून तिचं दार लावलं की जाळ मान टाकतो. काय झालं म्हणून दार उघडावं, तर सगळा धूर माझ्या तोंडावर. पडद्यांना वास, केसांना वास, आणि घरभर खोकत फिरणारी मी. गेल्या हिवाळ्यापर्यंत ती शहाण्यासारखी जळत होती. म्हणजे तो होता तोवर.

मला त्या शेगडीतलं काही कळत नाही. आमच्या ह्यांनी ती जुन्या बाजारातून आणली, तेव्हाच ती म्हातारी होती. हे गेल्यावर मुलाकडे आली, आणि लग्न झाल्यावर तुम्हा नवराबायकोचं ते खेळणंच झालं. दोघं तिच्यापुढे गुडघे टेकून बसायचात, काजळीनं तोंडं माखून घ्यायचात आणि कशाला हसायचात देव जाणे. मी आत चहा करत असायचे. मला कोणी शिकवलं नाही आणि मीही विचारलं नाही. आता त्याला विचारता येत नाही, म्हणून तुला विचारते.

घाई का आहे तेही सांगते. धाकटी बहीण येऊन गेली. मला खोकताना बघितलं आणि म्हणाली, कडक थंडी पडायच्या आत ही शेगडी नीट झाली नाही तर घराला कुलूप, आणि तू माझ्याकडे. ती प्रेमानंच म्हणते, तिचं घर उबदार आहे, तिच्या नवऱ्याचाही काही त्रास नाही. पण मी इथून हलले तर आतल्या खोलीकडे कोण बघेल? ती मी बंद ठेवली आहे, तू असतानाच बंद केली होती. त्यावर मला काही ऐकायचं नाही.

शेगडीचं काय करायचं तेवढं लिही. त्याचा निळा स्वेटर तू न विचारता नेलास, तेही मी विसरलेले नाही. मांजर नेलंस ते बरं केलंस.

१९ ऑक्टोबर

सूनबाई,

पत्र मिळालं. खुशालीची एकच ओळ लिहून तू थेट शेगडीवर आलीस, हे आवडलं. नाहीतर हल्ली लोक नमनालाच घडाभर तेल घालतात. चष्म्याच्या दुकानातलं तुझं काम बरं चाललंय असं लिहिलंस. माझा चष्मा अजून तोच आहे, तू काच घासून दिलेला. काडी एकदा मोडली, दोऱ्यानं बांधली आहे.

तू उंटावरून शेळ्या हाकल्यास, पण मी एकूण एक हाकून बघितल्या. ऐक.

नळीवरच्या झडपेची मूठ नळीला धरून उभी आहे, म्हणजे झडप उघडी. इतकी वर्षं मी उलटं समजत होते. नशीब, कधी हात लावला नाही. खालच्या जाळीतली राख खरवडून काढली, तळाला बोटभर ठेवली, तू म्हणालीस तशी. लाकडं एकमेकांवर आपटून बघितली. सगळी टणटण वाजतात, बद्द एकही वाजत नाही, म्हणजे कोरडी आहेत. शेगडीच्या दारात कागदाची पट्टी धरून दार लावलं आणि पट्टी ओढली. चारही बाजूंनी घट्ट. दाराच्या कडेची दोरी त्यानं मागच्याच वर्षी बदलली होती, ती अजून पांढरी आहे. त्याच्या हाताचं काम. पट्टी ओढताना मला रडू आलं, आणि मग धुरानं आलं असं मी बहिणीला फोनवर सांगितलं.

धुराड्यात गार हवा बसली असेल, आधी जळता कागद वर धरून ते तापवा, असं तू लिहिलंस. धरला. भुवई गेली थोडी. शेगडी हं म्हणून पेटली आणि पुन्हा रुसली.

मग धुराडं झाडणाऱ्याला बोलावलं. तरुण आहे, दोर आणि ब्रश घेऊन वर चढला. धुराड्याच्या टोपीच्या जाळीत पालापाचोळा अडकला होता, तो काढला. मला वाटलं, झालं, सापडला चोर. कसलं काय! संध्याकाळी पुन्हा धूर. तो म्हणाला, आजी, धुराडं आरपार साफ आहे, आता ही शेगडीच काढून टाका, म्हातारी झाली. म्हातारं झालं की काढून टाकायचं हे बरं सापडलंय लोकांना. त्याला चहा दिला नाही.

एक गंमत मात्र झाली आहे. सकाळी दूध घेऊन एक बाई येते, बोलघेवडी. पुढचं दार सताड उघडं टाकून तिच्या सुनेच्या कागाळ्या सांगत उभी राहते. तेवढा वेळ शेगडी अशी काही धडधडून पेटते की बघत राहावं! बाई गेली, दार लावलं, की पुन्हा मेल्यासारखी. शेगडीलाही सुनांच्या कागाळ्या आवडत असतील, दुसरं काय.

आणखी काही सुचलं तर कळव. बहिणीचा रोज फोन असतो. काल पहाटे गवतावर पांढरं पडलं होतं.

२ नोव्हेंबर

तुझं पत्र वाचून मी ते तसंच टेबलावर टाकलं आणि दोन दिवस त्याच्याकडे बघितलं नाही.

मी शेगडीचं विचारलं होतं. तू विचारतेस, आतल्या खोलीचं दार कसं आहे, खाली काही लावलंय का. तुला काय करायचंय? शेगडी बाहेरच्या खोलीत आणि तू नाक खुपसतेस आतल्या खोलीत. हीच तुझी खोड होती. तो जाऊन पंधरवडा झाला नव्हता तेव्हा तू त्या पलंगावरची चादर धुवायला काढलीस. खिडक्या उघडते म्हणालीस. मी तुझ्या हातातून ती चादर हिसकावली, तुला बाहेर काढलं आणि खोलीला कुलूप घातलं. इथून जाईपर्यंत तू बाहेरच्या कोचावर झोपलीस. तुझीच खोली होती ती, मला माहीत नव्हतं असं नाही. तू मला काही बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं, मलाही रडता आलं असतं.

हो, लावलंय. दाराखालच्या फटीत जुनी रजई गुंडाळून कोंबली आहे, घट्ट, पायानं दाबून. तू गेलीस त्याच दिवशी. का, ते तुला कळायला हवं. त्या खोलीत त्याचा वास आहे. मशीनचं ग्रीस, तो चोरून ओढायचा ती तंबाखू, त्याचा साबण. लिफ्ट दुरुस्त करून घरी आला की आधी तो वास यायचा आणि मग हा. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडून बसलेला माझा मुलगा उठला नाही. त्याचं सामान म्हणून कामावरच्या लोकांनी मला एक पाना आणि रिकामा डबा आणून दिला, तोही घासलेला. घासला कशाला, असं मी त्या भल्या माणसांना ओरडले. तेव्हा जे उरलंय ते त्या खोलीत आहे, आणि मी ते फटीतून वाहून जाऊ देणार नाही.

दार मी उघडत नाही. उघडलं की कमी होईल. मग त्या वासाचा उपयोग काय, असं विचारशील. काही नाही. तो आत आहे एवढं मला पुरतं.

आणि त्या फटीचं नाव तू तरी काढू नकोस. चांगलं दार खालून चार बोटं कापलं त्यानं, तुझ्या मांजराला ये-जा करता यावी म्हणून. तू सांगितलंस म्हणून. त्या दारावरून आपली किती भांडणं झाली, तुला आठवत असेल.

शेगडीबद्दल काही माहीत असेल तर लिही. नसेल तर लिहू नकोस.

१४ नोव्हेंबर

सूनबाई,

तू लिहिलंस. लिहू नकोस म्हटल्यावर लिहिणारी तू, तुझा पीळ काही जायचा नाही. माझाही नाही.

पत्र तीनदा वाचलं. मग उठून त्या दारापाशी गेले आणि जमिनीवर बसले. बसायला वेळ लागतो आता, उठायला त्याहून जास्त. रजईच्या गुंडाळीवर हात आडवा धरला. चारच बोटं. माझी चार बोटं, म्हणजे काही जाडजूड नव्हेत. आणि ते तुझं मांजर म्हणजे उशी. डोकं तरी गेलं असतं का त्याचं? एवढी वर्षं मी ते दार बघते आहे, त्यावरून तुला बोलते आहे, पण मांजराला त्या फटीतून जाताना मी कधी बघितलं का, हे माझ्या मनात आलं नाही. तू म्हणतेस तसं ते पंजा घालून नुसतं खेळायचं. खरं आहे. पंजाच बघितलाय मी.

बाहेरच्या खोलीच्या खिडक्या मीच बदलून घेतल्या होत्या. जुन्या चौकटीतून वारा यायचा आणि माझे गुडघे धरायचे. नव्या आल्या, डबी बंद व्हावी तशा बंद झाल्या. त्यानंतर शेगडी काही दिवस धुरकटली आणि आपोआप बरी झाली, एवढंच मला आठवत होतं. आपोआप कशी होईल? जळायला तिला हवा लागते, हे तुझ्याकडून कळलं. खोली घट्ट बंद, मग ती हवा आणणार कुठून? म्हणून त्यानं स्वतःच्या खोलीची खिडकी जुनीच ठेवली, खिळखिळी, आणि आतलं दार खालून कापलं. वारा तुमच्या खोलीतून आत यायचा, जमिनीवरून शेगडीकडे जायचा, आणि मी उबेला बसायचे. थंडीत तुम्ही दोघं त्या खोलीत कसे झोपत होतात, मला माहीत नाही. एकावर एक दोन रजया घेता म्हणून मी तुलाच नाजूक म्हणायचे.

आणि मला सांगितलं मांजराचं. आईनं हौसेनं खिडक्या केल्यात, त्या बसवल्या म्हणून शेगडी बिघडली हे कळलं तर तिला वाईट वाटेल, मांजराच्या नावावर खपवू, असं तो म्हणाला. तो तसाच होता. पण तू? मी तुला एवढं बोलले, तू एकदा तरी सांगायचंस. त्यावर तू जे लिहिलंस ते मी जसंच्या तसं इथे उतरवते, कारण ते मला पुन्हा लिहून बघायचं आहे. "तुम्ही दारावरून चिडायचात, तो तोंड फिरवून हसायचा, आणि मला तो हसलेला फार आवडायचा. म्हणून नाही सांगितलं."



स्वेटरबद्दलही लिहिलंस. त्याचा वास केव्हाच गेला, तू तो नाकाशी धरून धरून संपवलास. मला ते वाचून राग यायला हवा होता. आला नाही. निदान तू तो घेतलास तरी. मी इथे दाराबाहेर राखण करत बसले आहे.

पण रजई काढवत नाही गं. कळलं सगळं, पटलंही, पण हात पुढे जात नाही. एकदा ती काढली की त्याचा वास या जमिनीवरून जाईल, शेगडीत शिरेल आणि धुराड्यातून वर. मीच काडी लावून त्याला बाहेर घालवल्यासारखं होईल. एकदा त्याला पोचवून आले, पुन्हा नाही जमणार. दोन दिवस मी दुसराच उपाय करते आहे. पुढचं दार वीतभर उघडं ठेवायचं, शेगडी पेटते. मग अंगात कोट, डोक्याला मफलर, आणि पेटत्या शेगडीसमोर मी कुडकुडत बसलेली. दूधवाली म्हणाली, आजी, कुठे गावाला निघालात का? तिला काय सांगणार.

पुढच्या रविवारी बहीण येणार आहे. दार उघडं टाकून बसलेली दिसले तर ती माझं काही ऐकणार नाही. पिशवी भरून ठेव म्हणाली आहे. नाही भरली अजून.

२३ नोव्हेंबर

सूनबाई,

आशीर्वाद. अनेक, मनापासून. आधी लिहून टाकला, नाहीतर सांगण्याच्या भरात राहून जाईल.

आज सकाळी बहीण यायच्या आधी पुढचं दार लावून घेतलं आणि शेगडी पेटवली. नेहमीप्रमाणे तिनं मान टाकली. मी आतल्या दारापाशी जाऊन खाली बसले. म्हटलं, सगळी नको, एका टोकाची थोडी काढून बघू. तू लिहिलं होतंस तशी काडी पेटवून फुंकून विझवली आणि तिचा धूर फटीपाशी धरला. आधी तो सरळ वर जात होता. रजईचं टोक ओढलं. धूर वाकला, माझ्याकडे वाकला, आणि माझ्या अंगावरून मागे शेगडीकडे गेला. पाठीमागे हळूच आवाज झाला. लाकडानं पेट घेतला होता.

मग मी सगळीच ओढून काढली.

गार हवा आली. बोटांवरून, मग गुडघ्यांवरून. आणि वास आला. मी तोंड जमिनीशी नेलं, या वयात, आणि फटीला नाक लावून पडून राहिले. ग्रीस होतं. तंबाखू होती, अगदी थोडी. आणि तिसरा वास मला ओळखता येईना. त्याचा साबण म्हणून ज्याला मी एवढी जपत होते, तो साबण नव्हताच. तुझ्या केसांचं तेल होतं ते. उशीला लागलेलं असणार. तुम्हा दोघांचा मिळून एकच वास झाला होता, आणि मी तो माझ्या एकट्या मुलाचा म्हणून कोंडून ठेवला होता. तुला बाहेर काढलं आणि तुझा वास कुलपात ठेवला. काय म्हणावं माझ्या अकलेला.

फार वेळ नाही टिकला. जाताना मला कळत होता. कमी झाला, मग आहे की नाही असं झालं, मग नुसती थंडी आली. मी ओरडून रडले. तो गेल्यावर अशी रडले नव्हते, तू होतीस, आणि तुझ्यासमोर रडायचं नाही असं मी ठरवलं होतं. आज मागे शेगडी धडाधड जळत होती आणि मी दारापाशी पडून त्याचं नाव घेत होते. बहीण आली तेव्हा मी तशीच होते. तिनं मला उठवलं नाही, शेजारी बसली. थोड्या वेळानं म्हणाली, ताई, घर किती छान तापलंय. तिच्याही लक्षात यायच्या आधी तिनं अंगातली शाल काढली होती.

पिशवीचा विषय तिनं काढला नाही. जाताना एवढंच म्हणाली की हिवाळाभर एकटी राहू नकोस.

दुपारी कुलूप काढलं. आत गेले. धूळ खूप आहे. खिडकीची चौकट इतकी खिळखिळी आहे की करंगळी जाते, त्यानं तशीच ठेवलेली. पलंगावरच्या चादरीला मी हात लावला नाही. ती धुवायची आहे, मला कळतं आता, पण एकटीच्यानं व्हायचं नाही. तू एक टोक धर, मी एक धरते. पिळायलाही दोघी लागतातच.

स्वेटर तुझ्याकडे राहू दे. तुझाच आहे. दुकानात सुट्टी मिळेल तेव्हा ये, माझ्या चष्म्याची काडीही बघ. कोचावर झोपायचं नाही, तुझ्या खोलीत झोपायचं. दोन रजया उन्हात टाकल्या आहेत, त्यातली एक थोडी मळली आहे, कुठली ते तुला कळेल.

आणि मांजरालाही आण. फटीतून ते जायचं नाही, म्हणून मी दार उघडंच ठेवलं आहे.